वाऱ्याला जुंपणारा शिक्षक

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचा एक शाळामास्तर राहत असे. त्याचा जन्म १७७४ साली झाला. बाळपणापासून त्याला पतंगांचे विलक्षण वेड होते. दोरीच्या टोकाला लहान लहान दगड बांधावे आणि पतंग ते कसे उचलतो हे पाहावे, हा त्याचा आवडता खेळ. पुढे दगडांच्या जागी अधिकाधिक जड ओझी आली आणि अखेर माणसांचीही पाळी आली!

१८२४ साली त्याने तीस फुटी प्रचंड पतंग तयार केला, त्याला खुर्ची जोडली आणि तीत आपली मुलगी मार्था हिला बसविले. मार्थाचे वय तेव्हा अवघे बारा वर्षांचे. पाहता पाहता ती २७० फुटांहून उंच गेली. दोर तुटता, तर काय अनर्थ ओढवला असता, या कल्पनेनेही अंगावर काटा येतो. सुदैवाने ती सुखरूप खाली आली. सुप्रसिद्ध क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस हा याच मार्थाचा पुत्र होय.

जमिनीलगतच्या वाऱ्याला झाडे, घरे व टेकड्या अडवितात. वर जावे तसा तो बहुधा अधिक वेगवान व स्थिर होत जातो. आणि वेग दुप्पट झाला, की त्याची शक्ती आठपट होते. ही उंचावरची शक्ती गाडीला जुंपावी, असे पोकॉकने ठरविले. १८२६ साली त्याने आपल्या 'चारव्होलंट' गाडीचे पेटंट घेतले. एकाच दोरावर एकामागे एक असे दोन पतंग १५०० ते १८०० फूट अंतरावर उडत. चार दोऱ्यांच्या साहाय्याने त्यांची दिशा बदलता येई. पुढचे चाक वळविण्यास एक दांडा असे, आणि गाडी थांबविण्यासाठी लोखंडी पहार रस्त्यात रुतवावी लागे. काही माणसांना घेऊन ही गाडी ताशी वीस मैलांपर्यंत धावे. जकातनाक्यावर तर मोठीच गंमत होई. तेथील कर घोड्यांच्या संख्येवर आकारीत. या गाडीला घोडाच नव्हता, तेव्हा कर कशाचा घ्यावा?

१८२८ साली अ‍ॅस्कट येथे राजा चौथा जॉर्ज याच्यासमोर गाडीचे प्रात्यक्षिक झाले. तथापि लोकांनी तिचा स्वीकार केला नाही. वारा पडला, की गाडी जागच्या जागी थांबे. उलट वाऱ्यात तर ती निरुपयोगीच. शिवाय १८३० साली लिव्हरपूल व मँचेस्टर यांच्यामध्ये आगगाडी धावू लागली. तिला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. १८४३ साली पोकॉक निधन पावला.

१९८० साली माइल्स लॉइड या अमेरिकन अभियंत्याने, वाऱ्याला आडवे वेगाने फिरणारे पतंग किती वीज देऊ शकतील, याचे गणित मांडले. जहाजेही पतंगाने ओढता येतील, असे पोकॉकने १८२७ सालच्या आपल्या ग्रंथात सुचविले होते. २००८ साली 'बेलुगा स्कायसेल्स' हे मालवाहू जहाज इंजिनाच्या जोडीला मोठा पतंग घेऊन जर्मनीहून अटलांटिक महासागरापलीकडील व्हेनेझुएलाकडे निघाले.