संकरित प्राण्यांच्या वंध्यत्वाचा नियम मांडणारे हॉल्डेन

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मणारे खेचर कष्टाळू असते. पण त्याचा वंश पुढे चालत नाही. घोड्याच्या पेशीत ६४, तर गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रे असतात. खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि जननपेशी तयार होताना त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. मादी खेचराला पिल्लू झाल्याची उदाहरणे अत्यंत विरळा. नर मात्र वंध्यच असतो. नर-मादीतील अशा फरकामागील नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. स्वतः हॉल्डेन यांनी गणित व प्राचीन ग्रीक-लॅटिन साहित्याचे शिक्षण घेतले. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यात सेवा बजावली.

दोन भिन्न जातींच्या संकरात एक लिंग अनुपस्थित, दुर्मीळ किंवा वंध्य असेल, तर ते दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असणारे लिंग असते, असा हा नियम आहे. सस्तन प्राण्यांत ते नर, तर पक्षी व फुलपाखरांत मादी असते. अशा जिवात एक्स किंवा झेड गुणसूत्र एकच असल्याने त्यावरील विसंगत जनुकाचा दोष झाकणारी दुसरी प्रत नसते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. नियमाला अपवाद थोडेच आढळले आहेत.

हॉल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. ज्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' या नियतकालिकात हा नियम प्रथम प्रसिद्ध झाला होता, त्याचे संपादनही त्यांनी येथूनच चालू ठेवले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला.

त्यांच्या पश्चात पत्नी हेलन स्पर्वे यांनी सहकाऱ्यांसह नियतकालिक काही वर्षे चालवले. पुढे ते बंद पडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने १९८५ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेली ही संस्था आजही ते प्रसिद्ध करते. जाती एकमेकींपासून वेगळ्या कशा होतात, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांना हॉल्डेन यांचा नियम आजही मार्गदर्शक ठरतो.