जो लुई : विजेता आणि त्याचे ठेकेदार

मक्तेदारी म्हणजे काय, हे महाविद्यालयात शिकविताना पाठ्यपुस्तके खनिज तेलाचे, लोहमार्गांचे आणि मिठाचे दाखले देतात. दाखले बिनचूक असतात; पण वर्गातील मागच्या बाकावरची मुले त्यांनी जागी होत नाहीत. प्रस्तुत लेखक अशा वेळी एका मुष्टियोद्ध्याची गोष्ट सांगतो. त्या माणसाने जवळजवळ बारा वर्षे जगज्जेतेपद आपल्याकडे राखले, पंचवीस वेळा ते पणाला लावून पंचवीस वेळा परत जिंकले, आणि तरीही उतारवयात सरकारचा कर्जदार म्हणून तो दिवस कंठीत राहिला. त्याचे नाव जो लुई. त्याच्या उधळेपणाची कथा सर्वांना ठाऊक असते. त्याच्या भोवतीच्या व्यवहाराची कथा मात्र फारसे कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात कापूस पिकविणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात १३ मे १९१४ रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे पूर्ण नाव जोसेफ लुई बॅरो. आठ भावंडांत तो सातवा. तो दोन वर्षांचा असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आईने दुसरे लग्न केले आणि १९२६ च्या सुमारास हे कुटुंब डेट्रॉइट या मोटारींच्या शहरी आले. पुढे मंदीची लाट आली, कारखान्यांतली कामे गेली, आणि बॅरो कुटुंबाला नगरपालिकेच्या मदतीवर काही काळ काढावा लागला. लुईला चांगले पैसे मिळू लागल्यावर त्याने ती मदत शहराला परत केली. मदत परत करण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नव्हती. पुढील सारा इतिहास वाचताना हा लहानसा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हौशी स्पर्धांत चमकल्यावर ४ जुलै १९३४ रोजी शिकागोत त्याने पहिली व्यावसायिक लढत दिली. मोबदला होता ५९ डॉलर. जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक हे त्याचे व्यवस्थापक आणि एके काळचा नामांकित मुष्टियोद्धा जॅक ब्लॅकबर्न हा त्याचा गुरू, तिघेही कृष्णवर्णीयच. त्यांच्यापुढील अडचण केवळ प्रतिस्पर्ध्यांची नव्हती. १९०८ ते १९१५ या काळात जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मल्ल जगज्जेता होता, आणि त्याच्या बेदरकार वागण्याने गौरवर्णीय अमेरिका इतकी दुखावली होती की, पुढे वीस वर्षे कोणाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट गटात जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. म्हणून रॉक्सबरोने लुईला नियमच घालून दिले : गौरवर्णीय स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवायचा नाही, आणि तोंडातून गर्वाचा शब्द काढायचा नाही. मुष्टी चालविण्याचे शिक्षण आणि मौनाचे शिक्षण त्याला एकाच वेळी मिळाले.

आता ठेकेदारांकडे वळले पाहिजे. मुष्टियुद्धाच्या व्यवसायात लढत भरविणाऱ्यास प्रमोटर म्हणतात. मैदान तो भाड्याने घेतो, तिकिटे तो विकतो, दोन्ही योद्ध्यांशी करार तो करतो; म्हणजेच कोण कोणाशी कधी लढणार, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवितो. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे त्या काळी या धंद्याचे केंद्र. तेथील व्यवस्था पाहणाऱ्या जिमी जॉन्स्टनकडे रॉक्सबरोने विचारणा केली असता, कृष्णवर्णीय योद्ध्याला अधूनमधून हरावेही लागेल, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे सांगतात. रॉक्सबरोने बोलणे तेथेच थांबविले. ही संधी हेरली ती माइक जेकब्स या तिकीटविक्याने. गार्डनने भाडे वाढविल्यामुळे नाराज झालेल्या हर्स्ट वृत्तसमूहातील काही पत्रकारांना त्याने गुप्त भागीदार करून घेतले आणि ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी स्पोर्टिंग क्लब’ ही प्रतिस्पर्धी संस्था उभी केली. जेकब्सला वंशभेदाचा तिटकारा होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. लुईच्या नावावर तिकिटे खपतील हे त्याने ओळखले. स्पर्धा असली की बाजार पूर्वग्रहाला बाजूस सारतो, हे अर्थशास्त्रातील एक आशादायक तत्त्व. त्याचा प्रत्यय येथे आला.

१९३५ मध्ये प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोघा माजी जगज्जेत्यांना लुईने लोळविले. परंतु १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने बाराव्या फेरीत त्याला पाडले. न्यायाने पाहता जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक याच्याशी लढण्याचा हक्क आता श्मेलिंगचा होता, आणि गार्डनशी तसा करारही झालेला होता. पण हिटलरच्या जर्मनीतील योद्ध्याच्या लढतीवर बहिष्कार पडण्याची चिन्हे दिसत होती. शिवाय जगज्जेतेपद जर्मनीस गेले तर ते परत येईल की नाही, याची धास्ती होती. जेकब्सने ब्रॅडॉकच्या पक्षापुढे विलक्षण देकार ठेवला : लुईशी लढावे, आणि हरल्यास पुढील दहा वर्षे हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतींतून आपल्याला होणाऱ्या नफ्याचा दहावा हिस्सा घ्यावा. गार्डन न्यायालयात गेले. न्यायालयाने करारातील बंधन अवाजवी ठरवून मनाई हुकूम नाकारला. २२ जून १९३७ रोजी शिकागोत, पहिल्याच फेरीत एकदा खाली पडूनही, लुईने आठव्या फेरीत ब्रॅडॉकचा निकाल लावला. तेवीस वर्षांचा तरुण जगज्जेता झाला. त्याच वर्षी गार्डनने जेकब्सपुढे हात टेकले आणि तेथील मुष्टियुद्धाची सूत्रे त्याच्या हाती दिली.

हा क्षण नीट पाहिला पाहिजे. ज्या स्पर्धेमुळे लुईसाठी दार उघडले, ती स्पर्धा त्याच्या विजयाबरोबर संपली. आता ग्राहक एकच उरला. विकणारे अनेक आणि घेणारा एक, अशी बाजारस्थिती झाली की भाव घेणारा ठरवितो. जेकब्सने लुईला आगाऊ रकमा सढळपणे दिल्या. पण उचल घेणारा माणूस सावकाराशी घासाघीस करू शकत नाही, हे आपल्याकडील ऊसतोड कामगारालाही सांगावे लागत नाही.

बरोबर एका वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, यांकी स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार लोकांसमोर लुई आणि श्मेलिंग पुन्हा उभे राहिले. नभोवाणीवर क्लेम मॅकार्थी वर्णन करीत होता आणि जगभर कोट्यवधी लोक ते ऐकत होते. लढत अवघी १२४ सेकंद चालली. आपल्या देशात ज्याला अनेक उपाहारगृहांत शेजारी बसून जेवता येत नव्हते, तो कृष्णवर्णीय त्या रात्री साऱ्या अमेरिकेचा प्रतिनिधी ठरला. श्मेलिंगवर मात्र या काव्यात अन्याय झाला. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील हिंसाचारात त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपविले होते.

युद्ध आले. जानेवारी १९४२ मध्ये लुईने बडी बेअरशी लढून मिळालेला मोबदला नौदलाच्या मदतनिधीला दिला आणि दुसऱ्याच दिवशी तो साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. मार्चमधील एब सायमनशी झालेल्या लढतीचे पैसे त्याने भूदलाच्या निधीला दिले. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात वर्णानुसार पलटणी वेगळ्या होत्या. नौदलात कृष्णवर्णीयांना मानाची जागा नव्हती. तरीही त्याने दान दिले. सैनिकांच्या मनोरंजनासाठी त्याने सुमारे शंभर प्रदर्शनीय लढती केल्या, आणि पुढे बेसबॉलमध्ये नाव काढणाऱ्या जॅकी रॉबिन्सनसारख्या सहकाऱ्यांना अधिकारी-प्रशिक्षण मिळावे म्हणून आपले वजनही खर्च केले. १९४५ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा छातीवर पदक होते, जेकब्स आणि रॉक्सबरोचे कर्ज होते, आणि थकलेला कर होता. दान दिलेल्या रकमाही त्याच्याच उत्पन्नात धरल्या गेल्या होत्या.

येथे करपद्धतीचा एक दोष स्पष्ट होतो. त्या वर्षांत अमेरिकेत उत्पन्नाच्या सर्वोच्च टप्प्यावर नव्वद टक्क्यांच्या आसपास कर होता. युद्धोत्तर परिस्थितीत त्या दराचे समर्थन करता येईल. पण तो वर्षाच्या हिशेबाने लागत असे. १९४६ मध्ये बिली कॉनशी झालेल्या फेरलढतीत लुईच्या वाट्याला सहा लाखांहून अधिक डॉलर आले. चार वर्षे काहीच नाही आणि एका रात्री सहा लाख! ही रक्कम चाळीस वर्षे पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नियमाने मोजली, तर योद्ध्याच्या हाती काय उरणार? आपल्याकडे वेतन आयोगाची थकबाकी एकाच वर्षी हाती पडली की शिक्षक आणि कारकून ज्या सवलतीसाठी अर्ज भरतात, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. अमेरिकेत अनेक वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढण्याची व्यापक सोय १९६४ मध्ये आली आणि १९८६ मध्ये ती काढूनही टाकण्यात आली. लुईला तिचा उपयोग झाला नाही.

१ मार्च १९४९ रोजी लुई निवृत्त झाला. जेकब्स तोवर आजारी पडला होता. लुईने जेम्स नॉरिस आणि आर्थर विर्त्झ या धनाढ्य क्रीडागृहमालकांशी सौदा केला. आपल्या रिकाम्या सिंहासनावर हक्क सांगू शकतील अशा चौघा योद्ध्यांचे करार त्याने मिळविले आणि ते नव्या ‘इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब’च्या स्वाधीन केले. बदल्यात दीड लाख डॉलर रोख, वर्षाला पंधरा हजारांची नोकरी आणि भागभांडवलात वीस टक्के हिस्सा मिळाला. म्हणजे ज्या यंत्रणेने त्याला आयुष्यभर बांधून ठेवले, तिचीच अधिक मोठी आवृत्ती उभारण्यास त्याने आपल्या हातांनी मदत केली. हे विसरून त्याला केवळ बळी ठरविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या संस्थेची पकड किती होती, हे पुढे न्यायालयातच सिद्ध झाले. जून १९४९ ते मे १९५३ या काळात अमेरिकेत झालेल्या ४४ जगज्जेतेपदाच्या लढतींपैकी ३६ तिने भरविल्या होत्या. तिच्याशी करार न करणाऱ्याला जगज्जेतेपदाचे दार बंद असे. दूरचित्रवाणीचे पैसेही तिच्याकडेच वळले आणि घरबसल्या लढती दिसू लागल्यामुळे गावोगावचे छोटे आखाडे ओस पडले. फ्रँकी कार्बोसारख्या गुन्हेगारी जगातील माणसाचा हात या व्यवसायात खोलवर पोचला होता. सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. हा कायदा मुष्टियुद्धाला लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये ठरविले, आणि १२ जानेवारी १९५९ रोजी संस्था विसर्जित करण्याचा निर्णय कायम केला. कार्बो १९६१ मध्ये पंचवीस वर्षांच्या शिक्षेवर गेला.

लुईला या न्यायाचा लाभ काय? १९५० मध्ये कराची थकबाकी पाच लाख डॉलरांच्या वर असल्याचे निघाले आणि तो पुन्हा रिंगणात उतरला. त्या सप्टेंबरात एझर्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरविले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी तरुण रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर फेकले. १९५६ मध्ये तो पोटासाठी नाटकी कुस्त्या लढला. व्याजासह देणे दहा लाखांवर गेले, आणि अखेर साठीच्या दशकात चालू उत्पन्नापुरतीच वसुली करण्याचे सरकारने मान्य केले. कारकीर्दीत सुमारे ४६ लाख डॉलर मिळवून त्याच्या स्वतःच्या हाती आठ लाखांच्या आसपासच आले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने गोल्फवर पैजा लावल्या, नातेवाइकांना आणि मित्रांना वाटले, उपाहारगृहापासून शीतपेयापर्यंत बुडीत धंदे केले, हे खरेच. पण उरलेल्या अडतीस लाखांची उधळपट्टी त्याने केलेली नव्हती.

पुढच्या पिढीतील निवृत्त योद्ध्यांना दूरचित्रवाणीने समालोचकाची खुर्ची दिली. जॉर्ज फोरमनने ती अनेक वर्षे भूषविली. अनुभव विकण्याचा तो सन्मान्य मार्ग होता. लुईच्या काळी ध्वनिक्षेपकासमोर डॉन डन्फीसारखे व्यावसायिक निवेदक बसत. आणि ज्याला तरुणपणी बोलू नये असेच शिकविले गेले, त्याला आवाजाचे मोल कोण देणार? लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारगृहात येणाऱ्यांचे हसतमुखाने स्वागत करणे, हे त्याचे शेवटचे काम ठरले. १९७० मध्ये मनाच्या आजारासाठी त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. १९७७ च्या हृदयविकारानंतर तो चाकाच्या खुर्चीला खिळला. ११ एप्रिल १९८१ रोजी त्याच ठिकाणची एक जगज्जेतेपदाची लढत त्याने पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियम बाजूस ठेवून आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत एक नाव होते मॅक्स श्मेलिंगचे. युद्धात सर्वस्व गमावलेला हा जर्मन पुढे कोकाकोलाचा वितरक होऊन सुखात जगला आणि २००५ मध्ये नव्व्याण्णव वर्षांचा होऊन गेला.

जेकब्स आणि गार्डन यांच्यानंतर डॉन किंग आणि बॉब अरम यांचे वैर गाजले. लढत भरविणाऱ्याने योद्ध्याच्या व्यवस्थापनात आर्थिक हितसंबंध ठेवू नये, हा साधा नियम अमेरिकेच्या कायद्यात यावयास २००० साल उजाडावे लागले, आणि त्यालाही महंमद अलीचे नाव द्यावे लागले. ठेकेदारांच्या भांडणात खेळाडूला क्षणभर भाव येतो. भांडण मिटले की तो भाव त्याच्याच हिश्शातून वसूल होतो. दहा वर्षांच्या कमाईवर पन्नास वर्षे काढावयाची असलेल्या माणसाला खुला हिशेब, निवृत्तिवेतन आणि न्याय्य कर या तीन गोष्टींची गरज असते. टाळ्यांची सोय प्रेक्षक करतातच. लुईने मागणी नसताना शहराची मदत परत केली होती. ज्या राष्ट्रासाठी तो लढला, त्या राष्ट्राने त्याला आर्लिंग्टनची जागा दिली खरी. पण ती देईपर्यंत त्याचा हिशेब पूर्ण झालेला नव्हता.