राज्य गेले, विद्या राहिली : तंजावरचे सरफोजीराजे

बेंगळुरू : बेंगळुरूच्या जुन्या शहरातील चिकपेट आज रेशमी साड्यांची गजबजलेली बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. चिक्क पेटे म्हणजे लहान पेठ. १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी शहर वसविले, तेव्हा दोड्डपेट आणि चिक्कपेट या दोन रस्त्यांच्या चौकातून चारही दिशांना नांगर धरून सीमा आखल्या गेल्या, असे परंपरा सांगते. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरच्या फौजेने हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाले. शहाजीराजांचा गौरी महाल याच पेठेच्या परिसरात होता, असे सांगितले जाते. शहाजीराजांनंतर त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास येथूनच दक्षिणेकडे जाऊन तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली.

त्या गादीवर सव्वाशे वर्षांनी बसलेल्या सरफोजीराजे (दुसरे) यांचे नाव मराठी वाचकाला ग्रंथालयामुळे माहीत असते. मात्र महाविद्यालयात भरतनाट्यमचा अभ्यास करणारी आजची विद्यार्थिनी अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा जो क्रम शिकते, त्याची घडण त्यांच्या आणि त्यांच्या पुत्राच्या दरबारात झाली, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. शासनाचा अधिकार हातातून गेलेल्या एका राजाने विद्येच्या क्षेत्रात काय करून ठेवले, याचा हा एक बोलका दाखला आहे.

सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी (दुसरे) यांना वारस उरला नव्हता. १७८७ च्या जानेवारीत त्यांनी या मुलाला दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. दहा वर्षांचेही वय न झालेल्या या दत्तकपुत्राचा हक्क नाकारून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले. सरफोजींना जवळजवळ नजरकैदेत ठेवण्यात आले आणि त्यांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होऊ लागले.

तुळजाजींनी मृत्यूपूर्वी या मुलाची जबाबदारी जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्यावर सोपविली होती. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले. तेथे मिशनरी गेरिक यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या घरच्या विद्यांना इंग्रजीची आणि युरोपीय शास्त्रांची जोड मिळाली. घरातच परका ठरलेला हा मुलगा ज्ञानाच्या आधाराने उभा राहिला. पुढील आयुष्यात शिक्षणाला त्यांनी जे महत्त्व दिले, त्याचे मूळ बहुधा याच वर्षांत असावे.

दत्तकविधानाचा वाद नव्याने तपासून कंपनीने अमरसिंहांना दूर केले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. या मदतीची किंमत मोठी होती. ऑक्टोबर १७९९ मध्ये झालेल्या तहान्वये राज्याचा संपूर्ण कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वयाच्या बाविसाव्या वर्षी सरफोजीराजे राजे राहिले, पण राज्यकर्ते राहिले नाहीत.

उरलेल्या ३२ वर्षांत त्यांनी तनखा आणि वेळ विद्येसाठी खर्च केला. नायक राजांपासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हजारो हस्तलिखिते आणि युरोपीय ग्रंथ जमविले. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले, तेव्हाही वाटेतून पोथ्यांचा संग्रह झाला आणि या त्रिस्थळी यात्रेवर मराठी लावण्याही रचल्या गेल्या. १८०५ मध्ये त्यांनी नवविद्याकलानिधी हा देवनागरी छापखाना उभारला. तेथे १८०६ मध्ये छापलेले, इसापच्या कथांवर आधारलेले बाळबोध मुक्तावळी हे मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी एक आहे. धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास होत असे आणि राजे स्वतः नेत्ररोगांवरील उपचारांत रस घेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आजही वाचता येतो.

नृत्याकडेही त्यांनी याच अभ्यासू दृष्टीने पाहिले. तंजावरच्या भोसल्यांना हा वारसा पूर्वजांकडून मिळाला होता. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणारे शहाजी यांनी मराठी आणि तेलुगूत अनेक नाटके रचली. तुळजाजी (पहिले) यांच्या नावावर संगीतसारामृत हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यातील नृत्यप्रकरणात त्या काळी प्रत्यक्ष शिकविल्या जाणाऱ्या अडवूंचे, म्हणजे पदन्यासाच्या मूळ घटकांचे, वर्णन त्यांच्या स्थानिक नावांसह येते. भरताच्या नाट्यशास्त्रातील संज्ञा आणि नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, तोंडची भाषा एकाच ग्रंथात शेजारी आल्याने नृत्याचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना हा ग्रंथ टाळता येत नाही. दरबाराच्या मोडी दफ्तरात नर्तकी, नट्टुवनार आणि वादक यांना दिलेल्या वेतनाच्या नोंदी सापडतात. त्या काळी या नृत्याला सादीर म्हणत. काही अभ्यासक हा शब्द मराठी सादर या शब्दाशी जोडतात.

सरफोजीराजांच्या नावावर असलेला कोरव्याचे साहित्याचे जिन्नस हा मराठी नृत्यरचनांचा संग्रह या वारशात विशेष महत्त्वाचा आहे. तमिळमधील कोर्वै म्हणजे गुंफण. नृत्याच्या गुंफणीसाठी लागणाऱ्या साहित्याचे जिन्नस, असा या नावाचा सरळ अर्थ. या रचनांना निरूपण म्हणतात. एका निरूपणात अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाणा, जक्किणी, प्रबंध, श्लोकवर्ण, मंगल अशा अनेक जिनसा क्रमाने येतात. त्या सर्व एकाच रागात आणि एकाच तालात बांधलेल्या असून एकच कथा आरंभापासून शेवटपर्यंत पुढे नेतात. कीर्तनात निरूपणाला जे स्थान आहे, त्याची आठवण मराठी वाचकाला या नावावरून सहज व्हावी.

नृत्यनाट्याच्या माध्यमातून आधुनिक ज्ञान पोहोचविण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. कुरवंजी हा दक्षिणेतील लोकप्रिय नाट्यप्रकार असून त्यात भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री नायिकेला भेटते. सरफोजीराजांच्या मराठी देवेंद्र कुरवंजीत ही स्त्री इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. खंडे, देश आणि शहरे यांची माहिती गाण्यांतून येते. छापील नकाशे सामान्यांच्या हाती नव्हते, त्या काळात भूगोलाचा धडा गाण्यात आणि नाचात बसविण्याची ही कल्पना होती. स्वतः राजाला नायक करणारी शरभेंद्र भूपाल कुरवंजी मात्र तमिळमध्ये रचली गेली. कोट्टैयूरचे शिवक्कोळुंदु देसिकर हे तिचे कर्ते. बृहदीश्वर मंदिराच्या उत्सवात ती वर्षानुवर्षे सादर होत राहिली.

याच काळात दरबारात चार भाऊ वाढत होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे सुब्बरायन या नट्टुवनारांचे पुत्र पुढे तंजावर चतुष्टय म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचा जन्म १८०२ ते १८१० या वर्षांतला. संगीताचे शिक्षण त्यांना मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्याकडे मिळाले. दरबारात आणि मंदिरात विखुरलेल्या स्वरूपात चालत आलेल्या नृत्यप्रकारांना त्यांनी निश्चित क्रम दिला. हा क्रम मार्गम या नावाने ओळखला जातो. त्याचे श्रेय या चार भावांचे आहे. राजांनी आश्रय, पूर्वीच्या ग्रंथांचा साठा आणि प्रयोगाला अनुकूल असे वातावरण दिले.

मार्गमची मांडणी पाहिली, की तो अभ्यासक्रम म्हणून इतका का टिकला, हे लक्षात येते. आरंभी अलारिप्पू येतो. त्यात मान, डोळे, खांदे, हात आणि पाय एकेक करून जागे होतात. जतिस्वरात पदन्यास स्वरांशी जोडला जातो, पण शब्द अजून नसतात. शब्दममध्ये प्रथमच अर्थ येतो आणि अभिनयाला सुरुवात होते. वर्णम हा मध्यबिंदू. येथे शुद्ध नृत्त आणि भावाभिनय दोन्ही पूर्ण विस्ताराने येतात आणि नर्तकीच्या तयारीची खरी कसोटी लागते. त्यानंतर पदमचा संथ, अंतर्मुख अभिनय आणि शेवटी तिल्लाण्याची द्रुत लय. सोप्याकडून कठीणाकडे आणि शरीराकडून भावाकडे नेणारी ही चढण आहे. म्हणूनच रंगमंचावरील कार्यक्रमाचा क्रम आणि शिक्षणाचा क्रम येथे जवळजवळ एकच होतो.

सरफोजीराजे ७ मार्च १८३२ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. त्याआधीच चतुष्टयाची विद्या तंजावरबाहेर पोहोचली होती. वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले, तर चिन्नय्या म्हैसूरला कृष्णराज वडियार (तिसरे) यांच्याकडे गेले. १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या महाराणी झाल्या, तेव्हा तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्यास आले. पुढे स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य हा पदवीचा विषय झाला. असे शिक्षण सुरू करणाऱ्या देशातील अगदी पहिल्या विद्यापीठांत त्याची गणना होते.

या प्रवासात एक मोठी हानीही झाली. ही कला ज्यांनी पिढ्यानपिढ्या देहात जपली, त्या देवदासी आणि दरबारी नर्तकी आश्रय सुटल्याने आणि बदललेल्या सामाजिक दृष्टीमुळे बाजूला पडल्या. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली. सादीर हे नाव मागे पडून भरतनाट्यम हे नाव रूढ झाले आणि कला नव्या वर्गाच्या हाती आली. चार गुरूंची नावे प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतात. ज्या स्त्रियांनी त्यांच्या रचना प्रथम नाचून दाखविल्या, त्यांची नावे बहुतेक दफ्तरातच राहिली. नृत्याचा इतिहास शिकताना या रिकाम्या जागेचेही भान ठेवावे लागते.

चतुष्टयाच्या कुळपरंपरेतील पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै (१८६९-१९५४) यांनी ही विद्या विसाव्या शतकात पोहोचविली. त्यांच्याकडे शिकलेल्यांत बेंगळुरूचे राम गोपाल होते, तसेच यू. एस. कृष्णराव आणि त्यांच्या पत्नी चंद्रभागादेवी हे दाम्पत्यही होते. कृष्णराव मूळचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बेंगळुरू विद्यापीठातील नृत्य विभागाची उभारणी त्यांच्या हातून झाली. व्यंकोजींबरोबर या शहरातून तंजावरला गेलेल्या भोसले घराण्याच्या आश्रयाने जी पद्धत आकाराला आली, ती सुमारे तीन शतकांनी विद्यापीठाच्या वर्गात याच शहरी परत आली.

मराठी निरूपणे मात्र दीर्घकाळ ग्रंथालयाच्या कपाटातच राहिली. चतुष्टयाचा मार्गम देशभर रुजला. एक राग, एक ताल आणि एक कथा हा सरफोजीराजांचा बंध तितका पसरला नाही. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या संग्रहातील या रचनांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ते काम पुढे नेले. त्यामुळे भरतनाट्यममध्ये मराठी भाषा नव्याने आणावी लागत नाही, ती तेथे दोनशे वर्षांपूर्वीच होती, हे अभ्यासकांसमोर सप्रयोग सिद्ध झाले.

आज पुण्याच्या ललित कला केंद्रात, बडोद्याला किंवा बेंगळुरूला नृत्याचा पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर शैली, इतिहास आणि तंत्र हे तीन वेगवेगळे विषय म्हणून मांडले जातात. सरफोजीराजांच्या तंजावरात ते एकाच आवारात नांदत होते. शास्त्रग्रंथ सरस्वती महालात होते, गुरू दरबारात होते आणि प्रयोग मंदिराच्या उत्सवात होत होता. राजाची सत्ता किल्ल्याच्या तटापुरती उरली होती, पण त्या तटाच्या आत जमविलेली विद्या आज देशभरातील वर्गांत शिकविली जाते.