बाहेरगावचे प्रयोग आणि ऑस्कर हॅमरस्टाइन

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हे आम्ही शाळेपासून घोकत आलो आहोत. अशा गावात राहून नाटक लिहावे आणि ते पहिल्याच प्रयोगात आपटावे, याचे दुःख काय असते ते मला विचारा! प्रथम वर्षाला असताना मी एक एकांकिका लिहिली. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दहाव्या मिनिटाला प्रेक्षक खोकू लागले, विसाव्या मिनिटाला मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. दुसरा प्रयोग कधी करणार, असे सरांनी विचारले तेव्हा मी लेखकाच्या ताठ्याने सांगून टाकले, की संहितेतली एक ओळही बदलणार नाही. वही कपाटात गेली.

त्यानंतर मे २०२३ मध्ये सुट्टीला मुंबईस मामांकडे गेलो. वांद्रे-कुर्ला संकुलात नव्यानेच उघडलेल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या ब्रॉडवेच्या गाजलेल्या संगीत नाटकाचे प्रयोग लागले होते. मामांनी कौतुकाने तिकीट काढून दिले. दोन हजार आसनांचे ते नाट्यगृह, त्यात मी पार वरच्या रांगेत. नटनट्या, देखावे, कपडेपट असा सारा संसार बरोबर घेऊन देशोदेशी हिंडणारी ही मंडळी पाहताना मला किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी यांच्या बिऱ्हाडांची आठवण झाली. कथा आपल्याला परकी नाही. गाण्याने मुलांची मने जिंकणारा शिक्षक ‘परिचय’ चित्रपटात आपण पाहिलाच आहे. शेवटाकडे नाटकातला कप्तान गिटार घेऊन एका रानफुलावरचे छोटेसे गाणे म्हणतो. ते ऑस्ट्रियातले जुने लोकगीत असावे, अशी माझी खात्री झाली.

सांगलीला परतल्यावर सरांना हे सांगितले, तर ते हसले. ते लोकगीत नव्हे, असे ते म्हणाले. पोटाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका अमेरिकन गीतकाराने ते १९५९ साली बॉस्टन शहरात लिहिले, तेही नाटकाचे प्रयोग सुरू झाल्यानंतर! त्या गीतकाराचे नाव ऑस्कर हॅमरस्टाइन. सरांनी ग्रंथालयातून त्याचे चरित्र काढून माझ्या हाती ठेवले.

ऑस्करचा जन्म १२ जुलै १८९५ चा, न्यूयॉर्कचा. त्याच्या आजोबांचेही नाव ऑस्करच. जर्मनीतून आलेला हा गृहस्थ सिगार वळण्याच्या यंत्रांत पैसा मिळवी आणि नाट्यगृहे बांधण्यात घालवी. पुढे टाइम्स स्क्वेअर म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या चौकात त्यांनी ‘ऑलिम्पिया’ हे प्रचंड नाट्यगृह उभारले, तेही १८९५ सालीच. आणि थोड्याच वर्षांत त्यापायी त्यांचे दिवाळे निघाले. ऑस्करचे वडील विली हेही नाट्यगृहाचेच व्यवस्थापक. पण घरातल्या या धंद्याची झळ सोसलेल्या विलींना मुलाने नाटकात पडू नये असे वाटे. त्यांच्या इच्छेप्रमाणे ऑस्कर कोलंबिया विद्यापीठात कायद्याकडे वळला. १९१४ साली वडील वारले. १९१७ मध्ये कायद्याला रामराम ठोकून हा तरुण काकांच्या नाटक कंपनीत दाखल झाला. तेथे रंगमंचाच्या मागची सारी कामे करता करता तो नाटक शिकला.

त्याचे एक मोठे यश म्हणजे ‘शो बोट’. जेरोम कर्न या संगीतकाराबरोबर केलेले हे नाटक एडना फर्बर हिच्या कादंबरीवर आधारलेले होते. मिसिसिपी नदीवरून गावोगाव फिरणारी एक नौका, हेच त्यातले नाट्यगृह! त्या काळी संगीत नाटक म्हणजे सुंदर मुलींचा ताफा, चार विनोद आणि कुठेही चिकटवावीत अशी गाणी. ‘शो बोट’मध्ये मात्र गोऱ्यांच्या राज्यातली काळ्यांची वेठ होती, आणि रक्तात काळा अंश आहे एवढ्यावरून नौका सोडावी लागणारी नायिका होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये वॉशिंग्टनला पहिला प्रयोग झाला. तो इतका लांबला, की पडदा पडला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मग पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, फिलाडेल्फिया अशी गावे घेत, प्रत्येक मुक्कामी कात्री चालवीत मंडळी न्यूयॉर्कला पोचली. २७ डिसेंबर १९२७ ला ब्रॉडवेवर लागलेले हे नाटक ५७२ प्रयोग चालले.

येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. पहिला प्रयोग म्हणजे निकाल, असे मी धरून चाललो होतो. या लोकांच्या लेखी तो कच्चा खर्डा होता. ब्रॉडवेची रीतच अशी, की नाटक आधी बाहेरगावी लावायचे, परक्या प्रेक्षकांच्या खोकण्याकडे, हसण्याकडे कान द्यायचा, रात्री प्रयोग संपल्यावर बसून प्रवेश पुन्हा लिहायचे, सकाळी नटांना नवी संहिता द्यायची, आणि पक्के झाले म्हणजे मगच राजधानीत यायचे.

अर्थात ही रीत पाळली म्हणजे यश हमखास, असेही नाही. ‘शो बोट’नंतर हॅमरस्टाइनच्या आयुष्यात एक लांबलचक उतार लागला. एकामागून एक नाटके पडली, लंडनमध्ये पडली, न्यूयॉर्कमध्ये पडली. हॉलिवूडमध्ये पगार मिळाला, पण समाधान मिळाले नाही. १९४१ सालच्या ‘सनी रिव्हर’चे अवघे ३६ प्रयोग झाले. सेहेचाळिशीतला हा माणूस संपला, असे धंद्यातले लोक समजून चालले.

अशा वेळी संगीतकार रिचर्ड रॉजर्स त्याच्याकडे आला. लिन रिग्ज याचे एक फारसे न चाललेले नाटक होते, शेतकरी आणि गुराखी यांच्या जीवनावरचे. त्याचे दोघांनी संगीत नाटक करायला घेतले. पूर्वी हॅमरस्टाइन तयार चालीवर शब्द बसवीत असे. आता शब्द आधी आले. पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाऊन गावाजवळच्या आपल्या शेतावर, उंच मेजापाशी उभा राहून तो गाणी लिही. एका प्रसन्न सकाळीवरचे पहिले गाणे लिहायला त्याला तीन आठवडे लागले. शब्द इतके साधे, की वाचणाऱ्याला वाटावे, हे मीही लिहिले असते! पडदा उघडतो तेव्हा मुलींचा ताफा नाही. एक वयस्क बाई एकटी बसून लोणी घुसळते आहे, आणि विंगेतून गुराख्याचे गाणे ऐकू येते आहे. पैसा घालणाऱ्यांना हे पटेना. ११ मार्च १९४३ ला न्यू हेवन येथे पहिला प्रयोग झाला, तेव्हा न्यूयॉर्कहून आलेले काही जाणते लोक माना हलवीत परतले. मंडळी बॉस्टनला गेली, दुरुस्त्या झाल्या, नाटकाचे नावही बदलले. ३१ मार्चला ‘ओक्लाहोमा!’ या नव्या नावाने ते ब्रॉडवेवर लागले आणि २,२१२ प्रयोग चालले. त्याची फिरती मंडळी तर अमेरिकाभर दहा वर्षांच्या आसपास हिंडत राहिली.

या यशाच्या ऐन भरात, जानेवारी १९४४ मध्ये, हॅमरस्टाइनने एका नाट्यव्यवसायाच्या पत्रात जाहिरात दिली. तीत ‘ओक्लाहोमा!’चे कौतुक नव्हते. पडलेल्या पाच नाटकांची यादी होती, कोणते सहा आठवडे चालले, कोणते तीनच, आणि खाली हे पूर्वी जमले आहे, पुन्हाही जमेल, अशा अर्थाची मिस्कील पुस्ती! हे वाचून मला माझ्या कपाटातल्या वहीची लाज वाटली.

पण हा माणूस प्रत्येक बाबतीत प्रेक्षकांपुढे वाकणारा होता, असे मात्र कोणी समजू नये. १९४९ च्या ‘साउथ पॅसिफिक’मध्ये एक गाणे आहे: वर्णद्वेष कोणी आईच्या पोटातून आणीत नाही, तो लहानपणी पढवला जातो. ते गाळावे असा सल्ला बाहेरगावच्या प्रयोगांच्या वेळीच मिळाला. दोघांनी तो साफ नाकारला. १९५३ मध्ये फिरती मंडळी दक्षिणेत अटलांटाला गेली, तेव्हा जॉर्जिया विधिमंडळातील काही सदस्यांनी या गाण्यावर आक्षेप घेऊन कायद्याने बंदी आणण्याची भाषा केली. गाणे तसेच राहिले. काय कापावे आणि काय कापू नये, हा विवेक येथे दिसतो. लांबलेला प्रवेश त्याने कापला, आपले म्हणणे कापले नाही.

आम्हा विद्यार्थ्यांना आणि आमच्या सरांनाही आवडेल अशी एक हकिकत सांगतो. डॉइल्सटाऊनला हॅमरस्टाइनच्या मुलाचा स्टीव्हन साँडहाइम नावाचा एक मित्र होता. पंधराव्या वर्षी त्याने शाळेसाठी एक संगीत नाटक लिहिले आणि अनोळखी लेखकाचे समजून वाचा, असा हट्ट धरला. हॅमरस्टाइनने तसेच वाचले, आणि आजवर हाती आलेल्यांत हे सर्वांत वाईट आहे असे सांगितले. मात्र तेवढ्यावर थांबला नाही. गुण नाहीत असे म्हणत नाही, अशी पुस्ती जोडून सारी दुपार त्याने मुलाला एकेका ओळीतली चूक का चूक आहे ते समजावले. हाच साँडहाइम पुढे अमेरिकन रंगभूमीचा मोठा गीतकार-संगीतकार झाला.

सप्टेंबर १९५९ मध्ये हॅमरस्टाइनवर शस्त्रक्रिया झाली, आणि दुखणे कर्करोगाचे निघाले. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ न्यू हेवनला लागले, तेव्हा तो अंथरुणावर होता. बॉस्टनच्या मुक्कामी तो येऊन पोचला. कप्तानाला मातृभूमीचा निरोप घेण्यासाठी एक गाणे हवे, असे प्रयोग पाहून ठरले होते. ते त्याने तेथे लिहिले: एका पांढऱ्या रानफुलाचे, अगदी थोड्या शब्दांचे. तेच त्याचे शेवटचे गीत. १६ नोव्हेंबरला नाटक ब्रॉडवेवर आले. २३ ऑगस्ट १९६० रोजी डॉइल्सटाऊनच्या घरी, वयाच्या ६५ व्या वर्षी हॅमरस्टाइन वारला. १ सप्टेंबरच्या रात्री टाइम्स स्क्वेअरचे दिवे त्याच्यासाठी एक मिनिट मालवण्यात आले. आजोबांनी दिवाळे काढून जेथे नाट्यगृह बांधले, तोच हा चौक.

पुस्तक परत करायला गेलो त्या दिवशी मी कपाटातली वही काढली. पहिली दहा पाने फाडताना हात थरथरला, खोटे कशाला सांगू! गेल्या दिवाळीनंतर आम्ही ती एकांकिका तासगाव आणि मिरजेला केली. तासगावला पुन्हा लोक खोकले. कुठे खोकले ते यावेळी मी विंगेत उभा राहून टिपून घेतले. मिरजेला त्या जागी शांतता होती. एका वेगळ्याच जागी मात्र खुर्च्या वाजल्या. तो प्रवेश सध्या पुन्हा लिहितो आहे.