वालचंद हिराचंद आणि न विकलेल्या आगबोटी

कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणार, अशी कुजबुज एकदा सुरू झाली की ती थांबवणे मालकालाही अवघड जाते. वेर्णे असो, कुंडई असो वा हुबळीजवळचे तारिहाळ, औद्योगिक वसाहतीत ही कुजबुज प्रथम चहाच्या टपरीवर ऐकू येते आणि व्यवस्थापनाचे निवेदन त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येते. कामगाराला नोकरीची चिंता लागते, माल पुरवणाऱ्याला थकबाकीची आणि भागधारकाला भावाची. परंतु या साऱ्या चिंतांच्या मुळाशी असलेला प्रश्न सहसा कोणी उच्चारीत नाही. घेणारा हा धंदा चालवण्यासाठी घेतो आहे की मिटवण्यासाठी?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका माणसापुढे उभा राहिला होता. वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव आज आपल्याकडे साखर कारखाना, अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा मुंबईची जुनी प्रीमियर मोटार यांमुळे आठवते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत खडतर काळ मात्र समुद्रावरचा होता.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, जैन. व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिकून ते परत फिरले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतून बाहेर पडलेल्या कारकुनाशी त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटाने आरंभ केला. सावकाराच्या मुलाने मुरूम-खडीच्या धंद्यात पडावे, हे त्या काळच्या पेठेत शहाणपणाचे लक्षण मानले गेले नसावे. पण फाटकांची माहिती आणि वालचंदांची पत यांची सांगड बसली. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी प्रचंड कामे त्यांच्या हातून झाली.

समुद्राकडे ते वळले ते एका योगायोगाने. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरण्यासाठी एक जहाज घेतले होते. मूळची ही १८९१ सालची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. महाराजांनी तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. युद्ध संपले आणि जहाज विकायचे आहे, ही बातमी वालचंदांना दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत एका सहप्रवाशाकडून कळली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मातबर मंडळींना सोबत घेऊन त्यांनी ते विकत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. भांडवल साडेचार कोटी रुपये. ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी स्वतः त्या जहाजावर होते.

जहाज जुने होते आणि त्याने फारसे कमावले नाही. थोड्याच वर्षांत ते मोडीत गेले. कंपनीने मालवाहू आगबोटी घेतल्या आणि हिंदुस्थान-ब्रह्मदेश किनाऱ्यावरील तांदळाच्या वाहतुकीत शिरकाव केला. तेथे तिची गाठ ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीशी, म्हणजेच सर्वतोमुखी झालेल्या ‘बी. आय.’शी पडली. १९१४ मध्ये ही कंपनी पी. अँड ओ.शी एकत्र झाली होती आणि दोन्हींची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्या हाती होती. हा गृहस्थ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील एका लहान गावातून १८७४ मध्ये कलकत्त्याला नोकरीसाठी आला आणि जगातील सर्वांत मोठ्या जहाज समूहांपैकी एकाचा अधिपती झाला. वालचंदांप्रमाणेच तोही धंद्यात स्वतःच्या हिमतीवर वर आला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट गोमंतकीय वाचकाला सांगायला हवी. इंचकेपच्या बोटींवर आपल्याकडचे असंख्य खलाशी, स्वयंपाकी आणि वाढपी काम करीत. मुंबईतील कुडांमध्ये राहून बोटीची वाट पाहणाऱ्या त्या माणसांच्या पगारावर बार्देश-साष्टीतील किती तरी घरे उभी राहिली. तेव्हा सिंधिया विरुद्ध बी. आय. हा झगडा देव-दानवांचा होता, असे मानण्याचे कारण नाही. तो बाजारपेठेवरील मक्तेदारीचा झगडा होता आणि मक्तेदाराजवळ कोणती शस्त्रे असतात, हे त्यातून कळते.

पहिले शस्त्र भाडेदराचे. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचे टनामागे १८ रुपये असलेले भाडे बी. आय.ने उतरवत ६ रुपयांवर आणले. या दराने कोळशाचा खर्चही निघणे कठीण. परंतु बी. आय.च्या शेकडो जहाजांना इतर मार्गांवरचा नफा होता आणि टपाल वाहतुकीची सरकारी कंत्राटे होती. सिंधियाजवळ हा एकच मार्ग होता. दुसरे शस्त्र अधिक बारीक. जो व्यापारी आपला सगळा माल बी. आय.च्या बोटींनी पाठवी, त्याला भाड्यातील काही भाग परत मिळे. मात्र लगेच नव्हे, काही महिने थांबून. त्या अवधीत त्याने एक जरी खेप प्रतिस्पर्ध्याच्या बोटीने पाठवली, तर साठलेली सारी सूट बुडे. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा त्याला ओलीस धरण्यासाठी वापरला जाई. स्वदेशीची कळकळ असलेल्या तांदळाच्या व्यापाऱ्यालाही सिंधियाकडे माल देण्यापूर्वी आपली खातेवही उघडून पाहावी लागे, आणि ती पाहिल्यावर कळकळ किती उरे, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

यापूर्वी जे या वाटेने गेले, त्यांचे काय झाले हे वालचंदांना ठाऊक होते. जमशेटजी टाटांनी १८९३ नंतर एका जपानी कंपनीच्या साहाय्याने पूर्वेकडे जहाजे सुरू केली, पी. अँड ओ.ने भाडे इतके पाडले की टाटांना ती बंद करावी लागली. तुतिकोरीनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोच्या मार्गावर दोन आगबोटी आणल्या. १९०८ मध्ये ते राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले आणि १९११ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. तिची ‘गॅलिया’ ही बोट विकली गेली, ती ज्या कंपनीशी ती झुंजत होती तिलाच. मद्रास किनाऱ्यावर भाग विकत घेणाऱ्या लोकांनी वर्गणीसारखे पैसे जमवून घेतलेली ती बोट होती.

या पार्श्वभूमीवर १९२२-२३चा हिवाळा आला. इंचकेप त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्या खर्चकपात समितीचे अध्यक्ष म्हणून येथे आले होते. सरकारला काटकसरीचा सल्ला देणारा हा मान्यवर पाहुणा सरकारच्या टपालाची कंत्राटे सांभाळणाऱ्या कंपनीचाही प्रमुख होता, ही गोष्ट त्या काळात कोणाला खटकली नसेल असे नाही. याच सुमारास सिंधिया विकत घेण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडून आला.

असे प्रस्ताव बंद खोलीत राहत नाहीत. सिंधियाचे भाग हजारो लोकांनी स्वदेशीच्या भावनेने घेतले होते आणि तोट्यामुळे त्यांना लाभांशाचे तोंड दिसत नव्हते. बुडत्या कंपनीला योग्य किंमत मिळत असेल तर ती का घेऊ नये, हा विचार अव्यवहारी नव्हता. उलट, निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने तोच शहाणपणाचा होता. सामान्य भागधारकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर त्याला दोष देता येत नाही. पण घेणारा बोटींसाठी पैसे मोजत नव्हता. बोटी त्याच्याकडे मुबलक होत्या. त्याला किनाऱ्यावरून एक नाव पुसायचे होते. विक्री झाली असती तर भाडे दुसऱ्या दिवशी ६ रुपयांवर राहिले असते, यावर रंगूनच्या कोणत्याही तांदूळ व्यापाऱ्याचा विश्वास बसला नसता.

संचालक मंडळाने विक्री नाकारली. नरोत्तम मोरारजी अध्यक्ष होते. वालचंद त्यांच्या पाठीशी होते. नकाराची किंमत मात्र त्यांना लगेच मोजावी लागली. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंधियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरते राहावे, जहाजांचा ताफा ७५ हजार टनांपलीकडे वाढवू नये, आणि भाडेदर बी. आय.बरोबर ठरवावेत, असा त्याचा मथितार्थ. कंपनी जगली, परंतु पायात साखळी घेऊन. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांना यात शरणागती दिसली असेल, तर नवल नाही. वालचंदांच्या चरित्रातील हा प्रसंग गौरवाने सांगताना अनेक लेखक या कराराची अट घाईने ओलांडून जातात. माझ्या मते खरे कसब तेथेच आहे. विकणे आणि बुडणे यांच्यामध्ये एक तिसरी, मानहानीची जागा असते. तिथे दहा वर्षे उभे राहण्याची तयारी फार थोड्यांची असते.

त्या दहा वर्षांत ते गप्प बसले नाहीत. किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, या मागणीला त्यांनी कंपनीचे बळ दिले. सिंधियाचेच अधिकारी साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयक मांडले. ते कायदा झाले नाही, पण ब्रिटिश व्यापारी संघटनांनी त्याला केलेल्या विरोधामुळेच विषय घरोघरी पोचला. नोव्हेंबर १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. १९३२ मध्ये इंचकेप यांचेही निधन झाले.

यानंतरचा एक अध्याय आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. मुंबई-कोकण-गोवा मार्गावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे व माल नेणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९३९ मध्ये सिंधियाच्या ताब्यात आली. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला लागणाऱ्या आगबोटींची मालकी आता वालचंदांच्या कंपनीकडे गेली. ज्याने स्वतःला विकू दिले नाही, तोच येथे विकत घेणारा झाला. कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या देशी आगबोट कंपन्यांच्या नजरेतून पाहिले, तर सिंधिया ही आता तितकीशी गरीब बिचारी राहिली नव्हती. धक्क्यावर डोक्यावर ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या उतारूला मालक कोण याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. डेकवर जागा मिळते की नाही आणि पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट कधी, एवढेच त्याला हवे होते. मात्र घेतलेली कंपनी बंद पाडली गेली नाही, बोटी चालू राहिल्या, हा फरक नजरेआड करता येत नाही.

त्याच सुमारास वालचंदांच्या डोक्यात विमाने आणि मोटारी घुमू लागल्या होत्या. १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या विमान प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली. त्यातून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या म्हैसूर संस्थानाने जागेसह २५ लाख रुपये घातले, तितकेच वालचंदांनी. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी गोदीची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली.

मग फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. जपानी सैन्य दाराशी आले असता विमानांचा कारखाना खासगी हातात ठेवायला सरकार तयार नव्हते. वालचंदांचे भाग सरकारने विकत घेतले आणि २ एप्रिल १९४२ रोजी व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. अवघ्या सव्वा वर्षाचे मूल दत्तक गेले. चारच दिवसांनी विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि गोदीचे काम काही काळ मुंबईला हलवावे लागले.

इंचकेपला जो माणूस नाही म्हणाला, त्याने येथे हो का म्हणावे? युद्धकाळात सरकारला नकार देण्याची सोय फारशी नव्हती, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की हा ग्राहक कारखाना चालवणार होता. युद्ध सरल्यावर तो टिकला, वाढला आणि आज आपण त्याला हिंदुस्थान एअरोनॉटिक्स म्हणून ओळखतो. गोदीचेही तसेच झाले. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी केले. पुढे पैशाची ओढाताण असह्य झाल्यावर १९५२ मध्ये सरकारने दोन-तृतीयांश हिस्सा घेतला आणि हिंदुस्थान शिपयार्ड अस्तित्वात आली.

मोटारींचा उद्योग मात्र घराण्याकडेच राहिला. १९४४ मध्ये क्रायस्लरशी सहकार्य करून स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे त्यांनी उभ्या केलेल्या साखर उद्योगाची गोळी आपल्या बालपणी कोणी चोखली नसेल? त्या गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्स समूहाच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतले, तेव्हा बातमी वाचून अनेकांना हळहळ वाटली.

आजारपणामुळे वालचंदांनी १९५० मध्ये सिंधियाचे अध्यक्षपद सोडले. किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखण्याचे धोरण त्याच सुमारास स्वतंत्र भारताच्या सरकारने अमलात आणले. शेवटची वर्षे पत्नी कस्तुरबाई यांच्या सेवेत गेली. गुजरातमधील सिद्धपूर येथे ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाल्याला तीनच दिवसांपूर्वी ३४ वर्षे झाली होती. तो ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळण्यास १९६४ मध्ये प्रारंभ झाला.