विश्लेषण : राष्ट्राध्यक्ष होण्याआधी ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी दोघांना फाशी का दिली?

शेरीफ म्हटले की मुंबईकरांना वर्षभरासाठी नेमले जाणारे मानाचे नगरपालपद आठवते. अमेरिकेत मात्र बहुतेक काउंटींमध्ये, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांत, शेरीफ मतदानाने निवडतात. कायदा-सुव्यवस्था, तुरुंग आणि न्यायालयाच्या आदेशांची अंमलबजावणी ही त्याची जबाबदारी. याच पदावरून ग्रोव्हर क्लीव्हलँड पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

शेरीफ कसे झाले?

क्लीव्हलँड यांचा जन्म १८३७चा, न्यू जर्सीतला. सोळाव्या वर्षी वडील गेले आणि शिक्षण थांबले. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करून ते वकील झाले. १८६३ मध्ये यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. आई-भावंडांचा भार असलेल्या क्लीव्हलँड यांनी कायद्यातील सवलत वापरून १५० डॉलर मोजले आणि आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवले. १८७० मध्ये बफेलो ज्या काउंटीत येते, त्या एरीच्या शेरीफपदाची निवडणूक त्यांनी अवघ्या ३०३ मतांनी जिंकली.

फाशीचे प्रकरण काय?

तेव्हा फाशीची अंमलबजावणी शेरीफकडे असे. १० डॉलर देऊन हे काम हाताखालच्या माणसाकडून करून घेण्याची मुभा होती. क्लीव्हलँड यांनी ती नाकारली. आपल्याला नको असलेले काम कनिष्ठाच्या गळ्यात मारणे त्यांना पटले नाही. ६ सप्टेंबर १८७२ रोजी आईच्या खुनातील दोषी पॅट्रिक मॉरिसी आणि १४ फेब्रुवारी १८७३ रोजी खुनातीलच दोषी जॉन गॅफ्नी यांना त्यांनी स्वतः फाशी दिली.

पुढे काय झाले?

१८७३ अखेर मुदत संपल्यावर ते वकिलीकडे वळले. १८८२ मध्ये बफेलोचे महापौर, १८८३ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष, अशी त्यांची चढती कमान राहिली. १८९३ मध्ये ते पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. १८८४च्या प्रचारात विरोधकांनी दोन्ही गोष्टी बाहेर काढल्या : सैन्यात बदली माणूस धाडला म्हणून टीका आणि फाशी स्वतः दिली म्हणून ‘बफेलोचा जल्लाद’ ही ओळख.

महत्त्व कशात?

दोन्ही वेळा पैसे देऊन सुटण्याचा कायदेशीर मार्ग होता. तरुण वकिलाने तो वापरला, लोकांनी निवडून दिलेल्या शेरीफने नाही. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले. शिक्षा करण्याचा अधिकार ज्याला मतांनी मिळतो, त्याने तिचे ओझे कुणावर टाकावे, हा प्रश्न मात्र आजही कायम आहे.