तहानलेल्या वनस्पतींचे अभ्यासक : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

वैशाख पौर्णिमेच्या सुमारास पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की दोन्ही बाजूंचे उतार करडे पडलेले दिसतात. आषाढात ज्या कड्यांवरून धबधबे कोसळतात, त्यांच्याच पायथ्याच्या वाड्यांत त्या दिवसांत हंडाभर पाण्यासाठी दूरवर जावे लागते. माणूस निदान चालू तरी शकतो. झाड रुजल्या जागी उभे राहून चार महिन्यांचा पूर आणि आठ महिन्यांची तहान सोसते. ते कसे सोसते, या विषयाच्या परिसरात ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, ते डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर कोकणचेच. त्यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवण येथे झाला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच जीवशास्त्राचे अध्यापक झाले. 1908 ते 1912 या काळात बाबासाहेब आंबेडकर याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, हे आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

आघारकर वर्गात रमले, तसे सह्याद्रीतही रमले. वेण्णा नदीच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. त्या गटाचा प्राणी तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होता. आपली सावित्री महाबळेश्वरच्या ज्या पठारावरून पश्चिमेला पोलादपूर-महाडकडे उतरते, त्याच पठारावरून वेण्णा पूर्वेला जाते. एवढ्याशा पारदर्शक जीवाने मालवणच्या या तरुण अध्यापकाचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळात पोहोचविले.

1914 साली कलकत्ता विद्यापीठाने रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेले वनस्पतिशास्त्राचे अध्यासन त्यांना दिले. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले आणि पहिल्या महायुद्धात सापडले. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली. तरीही अभ्यास पूर्ण करून बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊनच ते परतले.

त्यांचा प्रबंध 1920 साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. वायव्य भारतातील रुक्ष व खाऱ्या भूमीत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मूळच्या कोठल्या, हा त्याचा विषय. धो-धो पावसाच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाने वाळवंट निवडावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

त्या वनस्पतींचे महत्त्व कळण्यासाठी झाडाचे पाणी पिणे समजून घ्यावे लागते. मुळे मातीतून पाणी व त्यात विरघळलेले क्षार शोषतात. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने खोडातील केसाहून बारीक नलिकांमधला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. पानांत तयार झालेली साखर सालीलगतच्या दुसऱ्या वाहिन्यांतून मुळांपर्यंत उतरते. रंध्रे मिटली तर पाणी वाचते; पण हवा आत येत नाही आणि अन्न तयार होणे थांबते. कोरड्या प्रदेशातील झाडाचा सारा संसार या ओढाताणीत चालतो.

महामार्गाच्या कडेची रुई पाहावी. पानांवर पांढरी लव आणि मेणकट थर, त्यामुळे वाफ कमी जाते. फळ तडकले की रेशमी झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. आपण लहानपणी त्यांनाच म्हातारी म्हणत मागे धावलो. तिचीच जवळची बहीण राजस्थान-सिंधच्या वाळूत उभी असते आणि तिचा पसारा अरबस्तान-आफ्रिकेपर्यंत आहे. झाड चालत नाही, हे वरचे विधान म्हणजे अर्धेच खरे!

खाऱ्या भूमीचा प्रकार अधिक विलक्षण. 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेब ज्या दासगाव बंदरात उतरले, तेथील खाडीकाठच्या खारफुटीच्या मुळांशी भरतीचे पाणी खेळते. परंतु मीठ ते पाणी धरून ठेवते, मुळांना सहजी देत नाही. समोर पाणी असून ते घेता न येणे म्हणजे काय, हे महाडच्या वाचकास समजावून सांगायला नको. तिवर मात्र वाट काढते. बरेचसे मीठ ते मुळांशीच अडवते, उरलेले पानांवाटे बाहेर टाकते. आणि चिखलात हवा मिळत नाही म्हणून श्वसनमुळे वर काढते.

कलकत्त्यात आघारकरांनी 1946 पर्यंत अध्यापन केले. त्याच नगरात जगदीशचंद्र बोस झाडातील रस कसा चढतो याचे प्रयोग करीत होते. जिवंत पेशींच्या स्पंदनाने पाणी चढते, हे बोसांचे मत पुढे टिकले नाही; वर सांगितलेली ओढीची उपपत्तीच मान्य झाली. परंतु प्रश्न भारतीय प्रयोगशाळेत विचारला गेला, हेही थोडे नव्हे.

निवृत्तीनंतर मालवणला जाऊन स्वस्थ बसणे शक्य होते. बासष्टीच्या उंबरठ्यावरील आघारकर पुण्यास आले आणि 1946 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. स्वतःची इमारत नव्हती. विधी महाविद्यालयाच्या जागेत काम सुरू झाले. अखेरपर्यंत, म्हणजे 1960 पर्यंत, त्यांनी ती धुरा वाहिली.

1992 साली संस्थेला आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. ती पुण्यात ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर पथ. त्यामुळे संस्थाही सुधारक आगरकरांचीच, असे अनेकांना वाटते. आपल्या विद्यालयाची सहल पुण्यास गेली, तर मुलांना फाटकावरील पाटीतला ‘घ’ अवश्य दाखवावा.